‘खूप काही शिकायला मिळालं’ याच्या पुढचं वाक्य: शिबिराचा अनुभव कसा सांगावा

विविधता आणि सामाजिक न्याय या विषयांवरच्या युवा शिबिरांना मी आधी शिबिरार्थी म्हणून जायचे, मग सत्रं घ्यायला लागले आणि आता माझा बराचसा वेळ शिबिर संपल्यावर येणारं लिखाण वाचण्यात जातो. संयोजक मुलांना ‘अनुभव लिहून पाठवा’ म्हणतात आणि तो सगळा गठ्ठा माझ्याकडे येतो. बहुतेक मजकुरांवरचं नाव झाकलं तर कोणी लिहिलंय हे ओळखता यायचं नाही. ‘आयुष्याला कलाटणी मिळाली.’ ‘एक वेगळंच विश्व अनुभवलं.’ ‘नवी ऊर्जा घेऊन परतलो.’ ‘शब्दांत सांगता येणार नाही.’ (मग पुढे दोन पानं शब्दच असतात.) आणि अधूनमधून एखादा मजकूर थेट दुसऱ्या टोकाचा येतो: शेजारच्या पलंगावरच्या मुलीनं रात्री रडत सांगितलेलं तिच्या घरातलं सगळं, तिच्या नावासकट.

पहिला प्रकार कंटाळवाणा, दुसरा घातक. पण मूळ दोन्हींचं एकच आहे असं मला वाटतं. स्वतःला नेमकं काय झालं इकडे लिहिणाऱ्याचं लक्ष नसतं, म्हणून तो एकतर कार्यक्रमाची आरती ओवाळतो नाहीतर दुसऱ्याची गोष्ट सांगत सुटतो.

आधी स्वतःपुरतं

शिबिर चालू असतानाच रोज रात्री थोडं खरडून ठेवा. कुणाला दाखवायचं नाही, शुद्धलेखनाची फिकीर नाही. कोण कुठे बसलं होतं, कुणी नेमकं कोणत्या शब्दांत काय म्हटलं, तेव्हा तुम्ही काय करत होतात. वाईट वाटलं, भारावून गेलो, हे महिन्याभरानंतरही आठवतं. शब्द मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच पुसट व्हायला लागतात.

असं स्वतःपुरतं लिहिण्याचा उपयोग निव्वळ टिपणापुरता नसतो. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक घटनेबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांना लिहून झाल्याझाल्या अधिकच वाईट वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत आरोग्यकेंद्रात जायची वेळ त्यांच्यावर कमी आली. ते लिखाण जगाला वाचायला द्यायचं नव्हतं, हे इथे लक्षात घ्या. मन मोकळं करायचं असेल तर त्यासाठी वही पुरते. चारचौघांत सांगणं हे वेगळं काम आहे आणि त्याचे नियमही वेगळे आहेत.

चारचौघांत सांगण्यासाठी दोन-तीन आठवडे थांबा. शेवटच्या रात्री सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात, त्या भरात लिहिलेलं सहसा त्या रात्रीबद्दलच असतं. खरी परीक्षा परतल्यावर सुरू होते. मित्रांच्या टोळक्यात नेहमीचा एक विनोद होतो, ज्यावर तुम्ही इतकी वर्षं हसत होतात. आता काय केलंत? हसलात, गप्प बसलात, की बोललात आणि सगळ्यांनी ‘झालं, हा शिबिराला जाऊन आला’ म्हणून टर उडवली? माझ्याकडे आलेल्या चांगल्या मजकुरांपैकी कितीतरींचा कणा हा असाच शिबिरानंतरचा प्रसंग होता.

एकच प्रसंग धरा

दिवसवार वृत्तान्त लिहू नका. वेळापत्रक संयोजकांकडे असतं. प्रसंग सापडत नसेल तर आठवा: कुठे अवघडलात? कुठे बोलायला हवं होतं आणि बोलला नाहीत? कशाचा राग आला? कुणाशी मनातल्या मनात अजून वाद चालू आहे? यातल्या एकाचं तरी उत्तर असतंच. तिथून सुरुवात करा.

बऱ्याच शिबिरांत ‘प्रिव्हिलेज वॉक’ हा खेळ घेतात. सगळे एका रांगेत उभे राहतात, एकेक विधान वाचलं जातं, ते ज्यांना लागू असेल त्यांनी पाऊल पुढे किंवा मागे टाकायचं. एका मुलानं त्याबद्दल लिहिलं होतं, ‘या खेळामुळे मला माझ्या विशेषाधिकारांची जाणीव झाली.’ मी त्याला विचारलं, तू किती पुढे होतास? मागे कधी वळून पाहिलंस? कोण दिसलं? तेव्हा आठवलं ते त्यानं पुन्हा लिहून दिलं, ते असं (त्याला विचारून आणि किरकोळ तपशील बदलून देतेय):

‘आजारी पडल्यावर डॉक्टरकडे जाण्याआधी ज्यांना पैशाचा विचार करावा लागला नाही त्यांनी एक पाऊल पुढे, असं ताई म्हणाल्या. मी पाऊल टाकलं. शेजारी कुणी आलं नाही म्हणून वळून पाहिलं. दोन दिवस ज्याच्याबरोबर एकाच तक्त्यावर चित्रं काढत होतो तो बराच मागे होता. तो माझ्याकडेच बघत होता. मला वाईट वगैरे वाटलं नाही. पुढचा प्रश्न पटकन यावा असं वाटलं.’

शेवटची दोन वाक्यं लिहायला हिंमत लागते. ‘मला खूप वाईट वाटलं’ हे लिहिणं सोपं होतं, आणि ते वाचून आपण मान डोलावून पुढे गेलो असतो.

त्याच खेळाबद्दल व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुलीनं लिहिलं: ‘“एक पाऊल पुढे” हे वाक्य संपूर्ण खेळात बदललं नाही. माझं चाक गवतात रुतत होतं. मग मी ठरवलं की उत्तर हो असलं तरी जागची हलणार नाही. शेवटी सगळ्यांना वाटलं की मी सगळ्यात वंचित आहे.’ एवढ्या चार ओळींत खेळाची रचना, तिची परिस्थिती, तिचा हट्ट आणि बाकीच्यांचा गैरसमज, सगळं आलं. समतेवरचं भाषण तिनं त्यात घातलं नाही आणि मीही घालू दिलं नसतं.

बारीक तपशिलांची ताकद आणखी एका ठिकाणी दिसते. एका गटात सांकेतिक भाषेचे दुभाषी होते. तिथल्या एका शिबिरार्थीनं नोंदवलं होतं की प्रत्येक विनोदावर दोनदा हशा यायचा, एकदा ऐकणाऱ्यांचा आणि क्षणभरानं कर्णबधिर मुलांचा, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे त्या दुसऱ्या हशासाठी थांबायला लागले. ‘सर्वसमावेशक वातावरण होतं’ हे तिला वेगळं लिहावं लागलं नाही.

प्रसंग कुठे थांबवायचा, हाही प्रश्न असतो. ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांनी रुजवलेल्या ‘फोरम थिएटर’मध्ये अन्यायाचा एक प्रसंग वाईट शेवटापर्यंत करून दाखवतात. मग तो पुन्हा सुरू होतो आणि प्रेक्षकांपैकी कुणीही ‘थांबा’ म्हणून रंगमंचावर येऊन पात्राची जागा घेऊ शकतं, वेगळं वागून बघू शकतं. लिहितानाही, जिथे कुणीतरी वेगळं वागू शकलं असतं त्या क्षणापाशी थांबा. तिथे काय करायला हवं होतं हे वाचणारा स्वतःच ठरवू लागतो.

तुम्ही कुठून बोलताय

अनुभव सांगणारा कोण आहे हे कळल्याशिवाय अनुभवाला अर्थ येत नाही. पण म्हणून सुरुवातीलाच ओळखपरेड नको: मी अमुक, तमुक, अमुक वर्गातला. प्रसंगाला जेवढं लागतं तेवढंच सांगा, पण ते लपवू नका.

पेगी मॅकिंटॉश या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८८ साली, गोरी असल्यामुळे आपल्याला रोजच्या जगण्यात न मागता काय काय मिळतं, याची यादी केली. यादी साध्या गोष्टींची होती, ‘मी’पासून सुरू होणाऱ्या वाक्यांची. शिवाय हे माझ्या जागेवरून, माझ्या काळात दिसणारं आहे, सगळ्या गोऱ्यांचं सगळीकडचं नाही, असं त्या बजावत राहिल्या. ही पद्धत उचलण्यासारखी आहे. ‘आपल्या समाजात अजूनही भेदभाव आहे’ या वाक्यात लिहिणारा कुठेच नसतो. ‘पहिल्या दिवशी कुणीही न सांगता मी गटाचा प्रमुख झालो आणि मला ते विचित्र वाटलं नाही’ यात तो सापडतो.

आणि माणूस एका वेळी एकच काहीतरी नसतो. अमेरिकी कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ साली ‘इंटरसेक्शनॅलिटी’ (एकाच माणसावरचे दोन भेदभाव एकमेकांत मिसळून वेगळाच अन्याय होतो) ही कल्पना मांडताना जनरल मोटर्सविरुद्धच्या एका खटल्याचा दाखला दिला होता. कंपनीनं १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलंच नव्हतं, त्यामुळे पुढे कपात झाली तेव्हा ‘शेवटी आला तो आधी जाणार’ या नियमानं त्याच बाहेर पडल्या. त्या न्यायालयात गेल्या. १९७६ सालच्या निकालात न्यायालय म्हणालं, वंशभेदाची तक्रार करा किंवा लिंगभेदाची करा, दोन्हींची मिळून वेगळी तक्रार करता येणार नाही. स्त्रिया कंपनीत होत्या, पण गोऱ्या. कृष्णवर्णीय होते, पण पुरुष. मध्ये उभ्या असलेल्या बायका कुठल्याच खान्यात बसल्या नाहीत. तुमचा अनुभव असा दोन खान्यांच्या मधला असेल तर वाचकाच्या सोयीसाठी तो एका खान्यात कोंबू नका. गुंता आहे तसा लिहा, वाक्य लांबलं तरी चालेल.

दुसऱ्याचं किती सांगायचं

इथे मी सगळ्यात कडक आहे.

शिबिरात सहसा पहिल्याच दिवशी ‘इथलं इथेच राहील’ असं ठरतं. मग बाहेर काहीच सांगायचं नाही का? याचं एक चांगलं उत्तर लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेनं १९२७ साली करून ठेवलंय. तिचा नियम असा: बैठकीत मिळालेली माहिती वापरायला मोकळीक आहे, पण ती कुणी सांगितली, तो कुठल्या संस्थेचा, आणि बैठकीला आणखी कोण होतं, यातलं काही उघड करायचं नाही. तो नियम धोरणं ठरवणाऱ्या मोठ्यांसाठी होता. तरुणांच्या शिबिरात मी त्याला एक जोड देते: विचार बाहेर न्या, माणसाची गोष्ट विचारल्याशिवाय नेऊ नका. ‘आमच्या गटात आरक्षणावर जोरदार वाद झाला, मी दोन्ही बाजूंनी हे मुद्दे ऐकले’ हे चालेल. ‘एकीनं तिच्या भावाबद्दल सांगितलं’ हे तिला विचारल्याशिवाय चालणार नाही.

नाव बदललं की काम झालं, असं मुलांना वाटतं. गटात वीस जणं आहेत, त्यात एकच व्हीलचेअर, एकच जोडी जुळ्यांची, एकच जण दुसऱ्या भाषेतून शिकलेला. नाव काहीही ठेवा, त्या गटातल्या प्रत्येकाला आणि त्या माणसाच्या घरच्यांना कळणारच. आणि धोका बहुतेक वेळा अनोळखी वाचकाकडून नसतो, घरच्यांकडून आणि ओळखीच्यांकडूनच असतो. एखाद्यानं शिबिरात पहिल्यांदा आपल्या लैंगिकतेबद्दल तोंड उघडलं असेल आणि ते तुमच्या मजकुरातून त्याच्या घरी पोचलं, तर तुमचा हेतू कितीही चांगला असो, काय उपयोग? ओळख लपवायची असेल तर एकेक तपशील वेगळा बघू नका. सगळे तपशील एकत्र वाचून किती जण उरतात ते बघा. एकच उरत असेल तर तो तपशील काढा, किंवा तो प्रसंगच सोडून द्या.

परवानगी मागायची रीत आहे. ‘तुझ्याबद्दल थोडं लिहू का गं?’ याला कुणीही ‘हो’ म्हणतं. जे वाक्य छापणार आहात तेच दाखवा, कुठे जाणार, कोण वाचणार ते सांगा, आणि ‘नाही म्हणालीस तर माझं काही अडत नाही, माझ्याकडे दुसरा प्रसंग आहे’ हे आधी सांगा. (आणि दुसरा प्रसंग खरंच तयार ठेवा.) चारचौघांसमोर विचारू नका. दोन दिवस द्या. उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’ समजा. संयोजकांनी सुरुवातीला भरून घेतलेला फोटोचा संमतीफॉर्म इथे कामाचा नाही, त्यावर सही करणाऱ्यानं आपल्या आयुष्याची हकिगत देऊ केलेली नसते. समोरचं अठराच्या आतलं असेल तर पालकांना विचारावं लागतं, पण मुलाला विचारायचं राहून जातं असं फार होतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ सालच्या बालहक्क संहितेत मत मांडण्याचा हक्क बाराव्या कलमात आहे, अभिव्यक्तीचा तेराव्यात आणि खाजगीपणाचा सोळाव्यात. तिन्ही हक्क मुलांचे आहेत.

गोष्ट तुमचीच असेल तेव्हा

आता उलट बाजू. ज्या भेदभावाबद्दल शिबिर होतं तो तुमच्या वाट्याला आलेला असेल, तर तुमच्याकडे सगळे विशिष्ट नजरेनं बघतात. ‘तू लिही ना, तुझी स्टोरी फार पॉवरफुल आहे.’ ही मागणी कितीही प्रेमळ आवाजात आली तरी ती पुरवायला तुम्ही बांधील नाही.

‘ह्यूमन लायब्ररी’ ही कल्पना २००० साली डेन्मार्कमध्ये सुरू झाली. त्यात माणसंच पुस्तकं असतात. वाचक येऊन समोर बसतो आणि मनातले पूर्वग्रह बोलून दाखवतो, प्रश्न विचारतो. पण पुस्तक झालेला माणूस तिथे स्वतःच्या मर्जीनं बसलेला असतो आणि नको त्या प्रश्नाला उत्तर नाकारू शकतो. तेवढा अधिकार स्वतःला द्या. लिहायला बसण्यापूर्वी कोणत्या तीन-चार गोष्टी सांगायच्या नाहीत हे कागदावर लिहून ठेवा. बोलताना तर हा कागद फारच उपयोगी पडतो, कारण टाळ्या पडायला लागल्या की माणूस ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त बोलून जातो.

आणि दुःखच सांगायला हवं असं कुणी म्हटलंय? शिबिरात नाचलात, भांडलात, कुणावर जीव जडला, रात्रभर पत्ते कुटले, तेही अनुभवच. ज्यांच्याकडून फक्त वेदनेची अपेक्षा असते त्यांनी हे सांगणं मला तरी महत्त्वाचं वाटतं. ‘आमच्याकडे असं असतं’ म्हणून सगळ्यांच्या वतीनं बोलायची जबाबदारीही झटकून टाका. तुमच्याच गटातल्या दुसऱ्या मुलीला कदाचित अगदी उलटं वाटलं असेल.

कार्यक्रम आवडला नसेल तर

तेही लिहा. संयोजकांना दुखवायचं नाही म्हणून मुलं हे गाळतात आणि पुढच्या तुकडीला तेच भोगावं लागतं. फक्त ‘बोअर झालं’वर थांबू नका, नेमकं कुठे बिघडलं ते दाखवा. त्यासाठी दोन मोजपट्ट्या हाताशी ठेवा.

पहिली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांची, १९५४ सालची. वेगवेगळ्या गटांची माणसं नुसती एकत्र आणल्यानं पूर्वग्रह कमी होत नाहीत, त्याला चार गोष्टींची जोड लागते असं त्यांनी म्हटलं: त्या ठिकाणी सगळ्यांचा दर्जा समान, उद्दिष्ट एक, ते गाठायला एकमेकांच्या मदतीची गरज, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा पाठिंबा. तुमच्या शिबिरात यातलं काय होतं? कार्यक्रमात समता आणि झाडू मात्र ठरावीक मुलींच्याच हातात, असं होतं का? दुसरी रॉजर हार्ट या अभ्यासकांची, १९९२ साली युनिसेफनं प्रसिद्ध केलेली मुलांच्या सहभागाची शिडी. आठ पायऱ्यांच्या या शिडीत खालच्या तीन पायऱ्यांना हार्ट सहभाग मानतच नाहीत: मुलांचा वापर करून घेणं, त्यांना शोभेला मिरवणं आणि नावापुरतं व्यासपीठावर बसवणं. समारोपाला तुम्हाला माइक दिला पण काय बोलायचं ते आधी लिहून दिलं, तर तुम्ही कोणत्या पायरीवर होतात ते तुम्हीच ठरवा आणि लिहा. जे पाहिलं ते आणि त्यावरून काढलेला अंदाज, ही दोन्ही वाक्यं वेगळी ठेवा. ‘निधी मिळवण्यासाठीच हे करतात’ हा अंदाज आहे. ‘तीन सत्रं फोटोसाठी थांबवली’ हे तुम्ही पाहिलंय.

कधीकधी संयोजकच तुमचा मजकूर मागतात आणि त्यातली टीका कापतात. पाठवण्यापूर्वीच विचारा: बदल केले तर मला दाखवाल का? नाही म्हणाले तर मजकूर स्वतःकडेच ठेवा.

तोंडी सांगायचं असेल तर थोडक्यात: पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करा, मधलं बोला. दिलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात संपवा. ‘याचं उत्तर मला द्यायचं नाही’ हे वाक्य आरशासमोर दोनदा म्हणून बघा, तोंडाला सवय नसते.

बाहेर गेल्यावर

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, राइसव्हिल या छोट्या गावात, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, एप्रिल १९६८ मध्ये, जेन एलियट या शिक्षिकेनं तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एक दिवस एक रंग श्रेष्ठ, नंतर दुसरा. मुलांनी त्यावर निबंध लिहिले. ते गावच्या वर्तमानपत्रात छापून आले, तिथून वृत्तसंस्थेनं बातमी उचलली, महिना-दीड महिन्यात त्या बाई दूरचित्रवाणीवरच्या देशभर गाजणाऱ्या कार्यक्रमात होत्या, आणि गावात त्यांच्या कुटुंबाला, मुलांनासुद्धा, लोकांचा रोष सोसावा लागला. तेव्हा हातात फोन नव्हते. आपलं लिखाण ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापलीकडे ते जाणार असं धरूनच पाठवा. शाळेतल्या जुन्या शिक्षकांनी, उद्या नोकरी देणाऱ्यानं, नावडत्या नातेवाइकानं वाचलं तर चालेल का, असा एकेकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून शेवटचं वाचन करा. चालणार नसेल तर टोपणनावानं द्या, त्यात कमीपणा नाही.

छापून आल्यावर पहिली प्रत त्यात आलेल्या माणसांना पाठवा, बाकीच्यांच्या आधी. पहिल्या आठवड्यात येणाऱ्या बोचऱ्या प्रतिक्रिया एकट्यानं वाचू नका, शिबिरातल्याच कुणाला तरी आधी चाळायला सांगा. आणि ज्यानं तेव्हा ‘हो’ म्हटलं होतं तो वर्षभरानं ‘माझा उल्लेख काढशील का’ म्हणाला, तर कारण विचारत बसू नका. मजकूर जिथे जिथे दिलाय तिथल्या लोकांना त्याच दिवशी लिहा, तुमच्या हातात असेल तिथून स्वतः काढा, आणि काय काढलं, काय अजून तसंच राहिलंय, हे त्याला कळवा.